युरोपच्या सहलीची आमची शीट: सात महिने वापरून झाल्यावर

बॅगांचे, हॉटेलांचे, टूरवाल्यांचे अनुभव निघण्याआधी मी ढिगाने वाचले. ज्या गोष्टीवर आमची अख्खी सहल उभी होती, तिच्याबद्दल मात्र कोणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा अनुभव एका साध्या ऑनलाइन शीटचा. मार्च २०२५ मध्ये उघडली, ६ ऑक्टोबरला रोमच्या विमानतळावर शेवटची बघितली. पाचापैकी साडेतीन तारे. दीड का कापला, ते पुढे येईलच.

आम्ही नाशिकचे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्या निमित्ताने दोघांनीच जायचं ठरलं. मी पतसंस्थेत हिशेब बघते, दिवसभर रकान्यांत असते. हे सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला. ग्रुप टूर नको यावर एकमत होतं. सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बस, हे मी घरी वर्षभर करतेच.

पहिल्या आवृत्तीत पंधरा रात्रींत दहा शहरं होती. ॲमस्टरडॅम, ब्रसेल्स, पॅरिस, ल्युसर्न, इंटरलाकेन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. लोक विचारतील ती सगळी नावं यादीत होती. प्रवासाच्या रकान्यात मी साइटवर दिसतील ते आकडे भरले होते. पॅरिस ते प्राग विमानाने पावणेदोन तास. म्हणजे नाशिकहून कसाऱ्यापलीकडे जाण्याइतकंच, असं हे म्हणाले. मलाही ते पटलं.

मग एका रविवारी मी ‘दार ते दार’ नावाचा कॉलम टाकला. हॉटेलच्या दारातून निघाल्यापासून पुढच्या हॉटेलच्या दारात बॅग टेकेपर्यंतचे तास. विमानतळावर जाणं, दोन तास आधी पोचणं, बॅगा देणं-घेणं, पुन्हा शहरात येणं. पावणेदोनचे सात झाले. सहाच्या वर गेलं की सेल लाल होईल अशी सोय केली होती. एंटर मारला तर शीट गुढीपाडव्याच्या दारासारखी लालेलाल! जिथे सहाच्या आत बसत होतं, तिथेही सामान बांधणं, खोली सोडणं, नवी खोली मिळेपर्यंत तीनपर्यंत ताटकळणं यात दिवस जातच होता. दहा शहरं म्हणजे नऊ बदल, आणि नऊ बदल म्हणजे पंधरातले सात-आठ दिवस बॅगेच्या दांड्याला हात. त्या संध्याकाळी चार शहरं उडाली. ल्युसर्नवर थोडी रडारड झाली, तेही जूनमध्ये गेलं. इंटरलाकेनच्या जागी वीस मिनिटं पुढचं लाउटरब्रुनेन हे स्विस दरीतलं गाव आलं. राहिलं ते असं: पॅरिस ४ रात्री, लाउटरब्रुनेन ४, व्हेनिस २, फ्लॉरेन्स २, रोम ३. पॅरिसला उतरायचं आणि रोमहून निघायचं, म्हणजे उलटं येण्यात दिवस जात नाही. शीटमध्ये एकच कॉलम ठेवायचा असेल तर मी हाच ठेवीन.

दुसऱ्या एका रकान्याने मोठी फजिती टाळली. देशाप्रमाणे रात्रींची बेरीज. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री असतील त्याच्याकडे करायचा असतो, रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. ल्युसर्न असेपर्यंत आमच्या स्वित्झर्लंडच्या सहा आणि इटलीच्या पाच होत्या, म्हणून मी स्विस अर्ज भरायला घेतला. ल्युसर्न गेलं, त्याच्या दोन रात्री व्हेनिस आणि रोमला वाटल्या, आणि कोणी काही न सांगता सहल इटलीची झाली. बेरजेचा सेल नसता तर ते मला व्हिसा केंद्राच्या खिडकीवर कळलं असतं. माणशी ९० युरो शुल्क आणि किमान ३० हजार युरोंचा विमा हे सगळ्यांना माहीत असतं. शहरं हलवली की वकिलातही हलते, हे आमच्या ओळखीत कोणाला माहीत नव्हतं. तेव्हा रात्री पक्क्या होईपर्यंत फॉर्मला हात लावू नका, आणि तोवर रद्द करता येईल असंच हॉटेल धरा.

आता ‘कोणाला हवंय’ या कॉलमबद्दल. माझ्या मते ही आमची खास भर, पण पहिल्यांदा साफ फसली. दोघांनी प्रत्येक ठिकाणाला पाचपैकी गुण द्यायचे होते. यांनी सगळ्याला पाच दिले.

“अहो, असं कसं? काहीतरी नको असेलच की.”

“तुला हवंय ना, मग मलाही हवंय.”

ऐकायला गोड आहे, नियोजनाला निरुपयोगी. मग नियम बदलला. प्रत्येकाकडे एकूण दहा गुण, ते हवे तसे वाटायचे आणि एकमेकांचं बघायचं नाही. यांनी लाउटरब्रुनेनजवळच्या युंगफ्राऊ डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेला चार दिले, लाउटरब्रुनेनहून इटलीत उतरणाऱ्या गाडीला चार आणि कोलोसियमला दोन. पॅरिसला शून्य! मी फ्लॉरेन्सच्या उफिझी म्युझियमला तीन, व्हेनिसला तीन, पॅरिसच्या लुव्र म्युझियमला एक, आणि उरलेले तीन ‘पाण्याकाठी नुसतं बसणं’ या नव्या ओळीला दिले. आयफेल टॉवरवर चढायला दोघांचेही शून्य. हे माझ्यासाठी जाणार होते आणि मी यांच्यासाठी. लिफ्टची तिकिटं साठ दिवस आधी सुटतात म्हणून मी जुलैतला गजरसुद्धा लावून ठेवला होता. तो काढून टाकला. पॅरिसच्या दुसऱ्या रात्री समोरच्या ट्रोकादेरो चौकाच्या पायऱ्यांवर बसून टॉवर पाहिला. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं तो लुकलुकतो. आम्ही दोन तासांचं लुकलुकणं बघितलं, मधल्या वेळात भडंग खाल्लं. पंचवीस वर्षांच्या संसारात एकमेकांसाठी म्हणून आणखी किती टॉवर चढलो असू, कोण जाणे.

यांनी गुपचूप स्वतःची एक टॅब उघडली होती, नाव ‘बोगदे’. कसारा घाटातले बोगदे मोजत वाढलेला माणूस. त्यात लोच्बर्ग ३४.६ किमी, २००७. सिंप्लॉन जवळजवळ २० किमी, १९०६. युंगफ्राऊ सात किमी, १९१२, वरचं स्टेशन ३,४५४ मीटरवर. नियोजनाला या टॅबचा काडीचा उपयोग नव्हता. पण स्पीट्झला गाडी बदलून आम्ही मिलानच्या गाडीत बसलो, तेव्हा हे खिडकीला नाक लावून घड्याळ बघत होते, आणि मी यांच्याकडे बघत होते. चार गुण वसूल.

युंगफ्राऊचा दिवस मात्र शीटमध्ये मुद्दाम रिकामा ठेवला होता. सेलमध्ये तारखेऐवजी लिहिलं होतं, ‘ढग बघून’. वरचा कॅमेरा इंटरनेटवर सतत चालू असतो. सकाळी उठून बघायचं, पांढरंफटक दिसलं तर दरीत भटकायचं, निळं दिसलं तर पळायचं. एवढं महाग तिकीट आधी काढून ढगात उभं राहण्यात काय अर्थ? निम्म्या भाड्याचं स्विस हाफ फेअर कार्ड घेतलं होतं, ते या गाडीलाही चालतं. पहिले दोन दिवस ढग. त्यातल्या एका दुपारी इंटरलाकेनच्या तळ्याकाठी माझे तीन गुण मिळाले. तिसऱ्या दिवशी वर गेलो.

सगळ्या युरोपच्या रेल्वे पासचाही हिशेब एका टॅबमध्ये मांडला होता. लोक विचारतात म्हणून सांगते, आम्हाला परवडत नव्हता. आमचे लांब प्रवास चारच, आणि फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीला नि इटलीच्या वेगवान गाड्यांना पास असला तरी जागेचे पैसे वेगळे द्यावे लागतात. सुटी तिकिटं दोन-तीन महिने आधी काढली ती स्वस्त पडली. रोज नवीन गाव करणाऱ्यांचा हिशेब वेगळा येईल.

‘बंद कधी’ हा कॉलम छोटा पण कामाचा. लुव्र मंगळवारी बंद, पॅरिसचंच ऑर्से म्युझियम आणि उफिझी सोमवारी, व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). पॅरिस, फ्लॉरेन्स आणि रोमच्या तारखा त्यावरून एक-दोनदा सरकवल्या.

आता कापलेल्या दीड ताऱ्याकडे.

अर्धा तारा पैशांचा. मार्चमध्ये मी युरोचा भाव ९४ रुपये धरला आणि एका सेलमध्ये लिहून विसरले. सप्टेंबरात निघालो तेव्हा युरो शंभरीच्या पुढे गेला होता. हिशेबातल्या बाईने ही चूक करावी! त्यात प्रत्येक हॉटेलात माणशी दर रात्रीचा शहरकर वेगळा मागितला गेला, त्याला शीटमध्ये रकानाच नव्हता. एक गोष्ट मात्र शीटच्या पहिल्या ओळीत ठळक लिहून ठेवली होती आणि ती फळली. कार्डाच्या मशीनने ‘रुपये की युरो’ विचारलं की युरोच दाबायचं. रुपयांत घासलं की भाव मशीनवाल्याचा, म्हणजे आपल्या तोट्याचा.

अर्धा तारा वेळेचा, आणि यात चूक सर्वस्वी माझी. शीटमधल्या गाड्यांच्या वेळा मी नाशिकला बसून फोनच्या कॅलेंडरमध्ये भरल्या. कॅलेंडरने त्या भारतीय वेळा समजून घेतल्या. पॅरिसला पोचल्यावर फोन तिथल्या वेळेवर गेला आणि नोंदी साडेतीन तास मागे सरकल्या. स्वित्झर्लंडला नेणारी सव्वादोनची बासेलची गाडी पावणेअकराची दिसू लागली. खोली घाईघाईत सोडली, मेट्रोच्या जिन्यांवरून बॅगा ओढल्या, धापा टाकत गार द लिओं स्टेशनला पोचलो. फलकावर आमची गाडी नाही. माझ्या पोटात गोळा. यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला शीटचा प्रिंट काढला, आणि त्यावर १४:१५. गाडी चुकवणारे ऐकले होते, आम्ही गाडीच्या साडेतीन तास आधी हजर! स्टेशनच्या घड्याळाच्या उंच मनोऱ्याखाली कॉफी घेत बसलो. हे एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

राहिलेला अर्धा तारा फ्लॉरेन्सचा. १ ऑक्टोबरला तिथे पोचलो. २ तारखेला दसरा. सकाळी सव्वाआठला अकादेमिया म्युझियममध्ये मायकेलअँजेलोचा डेव्हिड बघायचा, ३ ला सकाळी उफिझी, दुपारच्या गाडीने रोम, अशी घडी. डेव्हिड बघितला. सतरा फुटी पुतळा, तरी नजर त्याच्या हाताच्या शिरांवर खिळते. परत आलो तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, “शोपेरो.” मला वाटलं खाण्याचा पदार्थ असेल. शोपेरो म्हणजे संप. गाझाकडे मदत घेऊन निघालेल्या बोटी इस्रायलने अडवल्या म्हणून देशभर सार्वत्रिक संप पुकारला होता, आणि गाड्यांचा संप त्याच रात्री नऊपासून शुक्रवारी रात्री नऊपर्यंत. एरवी तिथे वाहतुकीच्या संपाच्या तारखा आधी जाहीर होतात, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर यादीही असते. हा रातोरात आला. संपातही काही गाड्या धावतात म्हणे, पण कुठली धावेल याच्या भरवशावर दोन बॅगा घेऊन फलाटावर बसायची माझी तयारी नव्हती.

“आज दसरा आहे,” हे म्हणाले. “आजच सीमोल्लंघन करू.”

फ्लॉरेन्सची एक रात्र फुकट गेली, शुक्रवारची तिकिटं वाया, रोममध्ये जादा रात्रीचे पैसे, आणि गुरुवारच्या गाडीला आयत्या वेळचा चढा दर. दोघांचे मिळून पंधरा-सोळा हजार गेले असतील. ते मी लिहून टाकले, ‘इतर’ मध्ये. उफिझीच्या ओळीत मात्र माझे तीन गुण तसेच राहिले. शुक्रवारी रोमभर पायीच फिरलो. पँथिऑन या प्राचीन देवळाच्या घुमटाच्या भोकातून पडणारा उन्हाचा गोल घुमटाच्या आतल्या बाजूवरून सरकताना पाहिला, छान होता. उफिझी नव्हती.

परत आल्यावर शीटमध्ये तीन कॉलम वाढवले. शहरकर, संप आणि ‘एक दिवस आधी निघावं लागलं तर’. ‘सकाळ-दुपार-संध्याकाळ’ असे दिवसाचे तीन तुकडे पाडले होते ते काढून टाकले, कारण चौथ्या दिवसानंतर आम्ही दोघांनीही ते बघितलेच नव्हते. आणि प्रिंट काढाच. तळहाताएवढ्या फोनवर चौदा कॉलमांची शीट बघणं म्हणजे कडीच्या भोकातून लग्न बघणं.

डिसेंबरात भाचीचं लग्न झालं. ती आणि जावई मेमध्ये निघणार आहेत, म्हणून तिला शीटची प्रत दिली. परवा उघडून बघितली तर बारा रात्रींत नऊ शहरं. लाल रंगाची सोय तिने बंद करून टाकली आहे. “मावशी, डोळ्यांना त्रास होतो गं त्याचा.” गुणांचा कॉलम ठेवलाय मात्र, आणि जावयांनी सगळ्याला पाच दिले आहेत.