एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे: आठ महिने शेजारी शेजारी वापरल्यावर

घर बदलताना एका मित्राने एक खोकं माझ्या हवाली केलं. आत एचडी डीव्हीडीचा, म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धा करून हरलेल्या डिस्कचा, प्लेअर, त्याचा रिमोट आणि लालसर केसमधल्या ३४ डिस्क होत्या. माझ्याकडे ब्लू-रे प्लेअर आधीपासूनच होता, आणि त्या ३४ पैकी ९ चित्रपट माझ्याकडे निळ्या केसमध्ये, म्हणजे ब्लू-रेवरही निघाले. एवढी जुळणी समोर आल्यावर राहवेना. दोन्ही प्लेअर एकाच रिसीव्हरला आणि एकाच टीव्हीला जोडले आणि गेले आठ महिने बहुतेक शनिवार-रविवार याच कामात घालवले. २००८ साली संपलेल्या लढाईवर आता कशाला लिहायचं, असं वाटेल. पण ज्यांच्या कपाटात अजून या लाल केस आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिणं मला गरजेचं वाटतं. कारण खाली येईल.

आधी चित्र. पहिल्या रात्री एचडी डीव्हीडीचं चित्र मला थोडं कमी वाटलं. कॅमेरा आडवा फिरला की कडा दातेरी दिसायच्या. दोष डिस्कचा नव्हता. माझा प्लेअर १०८०आयपर्यंतच सिग्नल देतो, १०८०पी देत नाही. डिस्कवर चित्रपटाच्या सेकंदाला २४ पूर्ण फ्रेम असतात, पण वायरमधून त्या अर्ध्या-अर्ध्या ओळींनी जातात आणि टीव्हीला त्या पुन्हा जुळवाव्या लागतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये खोलवर दडलेला ‘फिल्म मोड’ सुरू केला आणि कडा स्वच्छ झाल्या. त्यानंतर नऊही चित्रपट मी आलटून पालटून पाहिले, घरातल्यांना न सांगता दाखवले. त्यातल्या सहांमध्ये कोणालाही फरक ओळखता आला नाही. मलाही नाही.

यात आश्चर्य काही नाही. दोन्ही फॉरमॅट ४०५ नॅनोमीटरचा एकच निळा-जांभळा लेझर वापरतात. चित्र दाबून बसवण्याच्या पद्धतीही दोघांकडे सारख्याच आहेत: एमपेग-२, व्हीसी-१ आणि एव्हीसी. ज्या स्टुडिओंनी दोन्हीकडे चित्रपट आणले, त्यांपैकी वॉर्नरने तर बऱ्याचदा एकच व्हीसी-१ एन्कोड, म्हणजे दाबलेलं तेच चित्र, दोन्ही डिस्कवर टाकला. म्हणजे ब्लू-रेची जास्तीची जागा तिथे रिकामीच राहिली. उरलेल्या तीनपैकी एका चित्रपटात तर एचडी डीव्हीडी उघड सरस निघाली. त्याची ब्लू-रे अगदी सुरुवातीच्या काळातली, एकाच लेयरची, म्हणजे माहितीच्या एकाच थराची, आणि एमपेग-२ मधली आहे. धुक्याच्या प्रसंगात तिच्यावर चौकोन उठतात. बाकी दोन चित्रपट ब्लू-रेवर चांगले दिसले, पण त्या मागाहून नव्याने काढलेल्या आवृत्त्या आहेत, त्यामुळे ती तुलना मी धरत नाही.

फरक जाणवतो तो आवाजात. एचडी डीव्हीडीच्या एका लेयरमध्ये १५ जीबी बसतात, ब्लू-रेच्या एका लेयरमध्ये २५. दोन लेयर धरले तर ३० विरुद्ध ५०. चित्र, आवाज, सबटायटल सगळं मिळून एचडी डीव्हीडीला सेकंदाला सुमारे ३० मेगाबिटची मर्यादा, ब्लू-रेला ४८ ची. अडीच तासांचा चित्रपट आणि सोबत भरपूर जोडफिती असल्या की एचडी डीव्हीडीवर कुठेतरी हात आखडावा लागतो, आणि तो आवाजावर येतो. माझ्याकडच्या बऱ्याच एचडी डीव्हीडींवर डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे काही भाग गाळून दाबलेला आवाज आहे. त्याच चित्रपटांच्या ब्लू-रेवर काही न गाळलेला पीसीएम किंवा ट्रूएचडी आवाज आहे. संवादांत फरक नाही. वाद्यवृंद चढत जातो तेव्हा मात्र ब्लू-रेवर एकेक वाद्य वेगळं ऐकू येतं. आवाजाची आवड असेल तर हा एकच मुद्दा ब्लू-रेकडे वळायला पुरेसा आहे.

रोजच्या वापरात मला एचडी डीव्हीडी जास्त आवडली, हे मनापासून सांगतो. मेनू चित्रपटावरच अलगद उघडतो, चित्रपट थांबत नाही. दिग्दर्शक कोपऱ्यातल्या छोट्या खिडकीत बोलत राहतो, ती सोय पहिल्या दिवसापासून प्रत्येक प्लेअरवर सक्तीची होती. नेटवर्कचं पोर्टही सक्तीचं होतं. ब्लू-रेने हेच टप्प्याटप्प्याने आणलं: आधी साधे प्लेअर, मग छोट्या खिडकीचे, मग नेटवर्कचे. सुरुवातीला प्लेअर घेतलेल्यांपैकी अनेकांना पुढच्या सोयी कधीच मिळाल्या नाहीत. शिवाय एचडी डीव्हीडीला प्रदेशांची कुंपणं नाहीत. ब्लू-रेने जग ए, बी, सी अशा तीन भागांत वाटलं. माझ्या दोन ब्लू-रे केवळ त्यामुळे चालत नाहीत, आणि विकत घेतलेली डिस्क हातात असून पडद्यावर नकाराची पाटी पाहणं मला आजही अपमानास्पद वाटतं. २०१६ मध्ये आलेल्या ४के ब्लू-रेने हे कुंपण काढून टाकलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट वापरताना लक्षात आली, जी आधी कुठे वाचली नव्हती. ब्लू-रे प्लेअरला नवी डिस्क दिली की अधूनमधून तो नवं फर्मवेअर, म्हणजे स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर मागतो, कारण नव्या डिस्कवर कुलपाच्या नव्या किल्ल्या असतात. एचडी डीव्हीडीच्या नव्या डिस्क निघतच नाहीत, त्यामुळे शेवटचं फर्मवेअर हे खरोखर शेवटचं. या आठ महिन्यांत त्या प्लेअरने मला एकदाही काही मागितलं नाही. सुरू व्हायला मात्र तो वेळ घेतो. बटण दाबायचं, दिवे मालवायचे, पाणी घेऊन यायचं, तेव्हा कुठे मेनू येतो.

आता हाताळणी. एचडी डीव्हीडीत माहितीचा थर डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर खोल असतो. म्हणून जुन्या डीव्हीडीच्या कारखान्यांत थोडे बदल करून ती बनवता येत होती, आणि ती आणणाऱ्या तोशिबा-एनईसी कंपन्यांचा मोठा भर यावरच होता. ब्लू-रेचं भिंग प्रकाश जास्त बारीक टोकावर एकवटतं. त्याचं न्यूमरिकल अपर्चर ०.८५ आहे, एचडी डीव्हीडीचं ०.६५. त्यामुळे खुणा दाट बसवता येतात, पण थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटरवर आणावा लागतो. इतक्या वर आणलेल्या थराला ओरखड्याची भीती एवढी होती, की सोनीच्या २००३ सालच्या रेकॉर्डरमध्ये डिस्क चक्क प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून घालावी लागायची. नंतर टीडीकेने कठीण लेप शोधला आणि डबी गेली. हा लेप काय चीज आहे ते माझ्याकडे रोज दिसतं. दहा-बारा वर्षं मुलांच्या हातून गेलेल्या ब्लू-रे आरशासारख्या आहेत. एचडी डीव्हीडी डीव्हीडीइतक्याच लवकर चरे धरतात. त्यातही कॉम्बो डिस्क, म्हणजे एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी, हाताळायला नकोशा. नाव छापायला जागा नाही, मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरं, आणि बोट ठेवाल तिथे काही ना काही झाकलं जातं.

हरण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. २००६ च्या नोव्हेंबरात सोनीचा प्लेस्टेशन ३ हा ब्लू-रे चालवणारा गेम कन्सोल आला आणि ज्यांनी खेळासाठी यंत्र घेतलं त्यांच्याही घरात ब्लू-रे पोचला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलसाठी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह वेगळी घ्यावी लागायची. २००७ च्या ऑगस्टमध्ये पॅरामाउंट स्टुडिओ एचडी डीव्हीडीकडे गेला तेव्हा पारडं सावरल्यासारखं झालं होतं. मग ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं, पाठोपाठ फेब्रुवारीत तेव्हा डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि अमेरिकेतली दुकानसाखळी वॉलमार्ट ब्लू-रेकडे सरकले, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार घेतली. पहिला प्लेअर बाजारात आल्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. यात कुठेही प्रेक्षकाने दोन चित्रं शेजारी ठेवून निवड केलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तिसऱ्या महिन्यात एक एचडी डीव्हीडी चित्रपटाच्या मध्यावर थांबली. चित्र गोठलं, मग त्रुटीचा संदेश. डिस्क पुसली, परत लावली, पुन्हा त्याच जागी थांबली. पृष्ठभागावर एकही चरा नाही. प्लेअरचा लेझर गेला असेल म्हणून एक्सबॉक्सची जुनी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह मिळवली. ती यूएसबीने संगणकाला जोडता येते. तिच्यातही तीच डिस्क, तीच जागा. मग सगळ्या ३४ डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहिल्या. सात पूर्ण होत नाहीत. त्यातल्या पाच एकाच स्टुडिओच्या आहेत, आणि सातही दोन लेयरच्या. पहिला तास त्या ठणठणीत चालतात, म्हणून मित्राला कधी कळलंच नव्हतं. या डिस्क त्याने जपून, उभ्या, सावलीत ठेवलेल्या होत्या. त्याच्या हातून काही चुकलेलं नाही. माहितीचा थर आतूनच खराब होत चालला आहे, असंच मला दिसतं.

ब्लू-रे खराब झाली तर तो चित्रपट पुन्हा मिळू शकतो. इथे बदली कोणी देत नाही, नवी प्रत निघत नाही, आणि प्लेअरचा लेझर गेला तर त्याचा सुटा भाग दुसऱ्या जुन्या प्लेअरमधूनच काढावा लागणार. चित्राच्या कसोटीत बरोबरीला उभ्या राहिलेल्या डिस्क अशा एकेक करून मुक्या होताना पाहून मला खरंच त्रास झाला.

तुमच्याकडे एचडी डीव्हीडी असतील तर मेनू उघडतो एवढ्यावर समाधान मानू नका. प्रत्येक डिस्क श्रेयनामावलीपर्यंत चालू द्या, दुसऱ्या तासावर विशेष लक्ष ठेवा, आणि दोन लेयरच्या आधी तपासा. जी थांबते तिचं नाव आणि मिनिट लिहून ठेवा. मी दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासतो. मागच्या वेळी सातच होत्या, या वेळी आठवी १ तास १२ मिनिटांवर अडखळली, पण पुढे गेली. ब्लू-रेवर न आलेला एक माहितीपट माझ्या खोक्यात आहे. पुढच्या शनिवारी आधी तो पाहणार आहे, आणि मित्रालाही बोलावलं आहे.