पोटमाळ्याखालच्या खोलीत कोव्ह लाईट : सहा महिने वापरल्यावर

आईची खोली गिरगावातल्या जुन्या चाळीत आहे, उंची साडेबारा फूट, पण मागच्या अर्ध्या भागावर पोटमाळा घातलेला त्यामुळे तिथे खाली मिळतात जेमतेम सात फूट आणि वर पाच. खालच्या त्या सात फुटांतच आईची कॉट, देव्हारा आणि तिचं बसणंउठणं. तिथले लाईट बदलून सहा महिने झाले, म्हणून आता लिहितेय, कारण बुटक्या खोलीसाठी काय घ्यावं हे शोधताना मला जो तो एकच सांगत होता, स्लिम पॅनल लावा, जागा खात नाही.

लावले होते की आम्ही. पंधरा वॅटचे, छताला चिकटून बसणारे दोन गोल सरफेस पॅनल, 6500 केल्व्हिनचे पांढरेफेक (केल्व्हिनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा). जागा खात नाहीत हे खरंच, पण सात फुटावर तो लाईट सरळ डोळ्यात येतो, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ती कॉटवर आडवी झाली की पदर डोळ्यावर ओढून घ्यायची. तांदूळ निवडायला बसली की पॅनल मागे राहायचा आणि तिच्याच डोक्याची सावली ताटात पडायची. शेवटी शेवटी ती संध्याकाळी लाईट बंद करून दारात गॅलरीच्या उजेडात बसायला लागली, ते बघून मला फार वाईट वाटलं आणि तेव्हाच ठरवलं की हे बदलायचं.

आमच्या एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियननी पहिल्यांदा नीट सांगितलं, ताई, छत खाली असेल तर लाईट छताला लावूच नका, भिंतीवरून छतावर सोडा, छत उजळलं की ते वर गेल्यासारखं वाटतं. म्हणजे कोव्ह. त्यासाठी लोक फॉल्स सीलिंग करतात पण त्यात चार-सहा इंच जातात, आम्हाला ते परवडण्यासारखं नव्हतंच. त्याऐवजी सुतारानी दोन्ही बाजूच्या भिंतींना छताच्या दहा इंच खाली प्लायची तीन इंची पट्टी मारली आणि तिच्यामागे ॲल्युमिनियम प्रोफाईलमध्ये, म्हणजे पन्हळीसारख्या पट्टीत, एलईडी पट्टी बसवली, तोंड वर. खाली उभं राहून बघा नाहीतर कॉटवर झोपून बघा, एलईडी कुठूनच दिसत नाही.

सामान लोहार चाळीतून, म्हणजे मुंबईतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून घेतलं. मीटरला 120 एलईडीची बारा व्होल्टची पट्टी, मीटरला साडेनऊ-दहा वॅट खाते, एकेका भिंतीला आठ फूट म्हणजे दोन्ही मिळून पाच मीटरला थोडी कमी. पट्टी घेताना चालू करून बघा आणि मोबाईलचा कॅमेरा समोर धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लाईट लुकलुकतोय, घेऊ नका. आणि सीआरआय विचारा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, 90 मागा. आईच्या दोन हिरव्या साड्या आधी रात्री सारख्याच दिसायच्या, आता वेगळ्या ओळखू येतात.

एका दुकानदारानी मात्र ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेचे बारा व्होल्ट करून पट्टीला देणारा डबा, तीन अँपिअरचा दिला, चालेल हो म्हणाला. साधा हिशोब आहे, बारा गुणिले तीन म्हणजे 36 वॅट, आणि आमची पट्टी खाते 47-48. अर्ध्या तासात ड्रायव्हर हात लावायला नको इतका तापला आणि लाईट गेले, मग थंड झाला की परत चालू. पाच अँपिअरचा आणून बसवल्यावर सहा महिन्यांत एकदाही त्रास नाही. आणि दोन्ही भिंतींना ड्रायव्हरपासून वेगळी वायर ओढा, एकाच टोकाने सगळ्या पट्टीला सप्लाय दिला तर शेवटचा भाग मंद पडतो.

आमची सगळ्यात मोठी चूक लाईटची नव्हतीच, छताची होती. पोटमाळ्याची खालची बाजू म्हणजे गडद चॉकलेटी पॉलिश मारलेलं चकचकीत प्लाय. पहिल्या रात्री लाईट लावले तर अर्धा उजेड त्या प्लायनेच गिळला आणि वर एकेक एलईडीचं प्रतिबिंब, मण्यांची माळ लावल्यासारखं. मग पॉलिश घासून काढलं, प्रायमर आणि मॅट पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले. त्या संध्याकाळी वहिनी आत आली आणि वर बघतच राहिली, म्हणाली पोटमाळा वर सरकवला काय! माझं ऐकाल तर आधी छत मॅट पांढरं करा, मग लाईट घ्यायला जा.

उजेडाचा रंग आम्ही 4000 केल्व्हिनचा घेतला, 3000 मला आवडला होता पण त्यात आईला पेपर पिवळट दिसायचा. निवडाटिपायला कॉटशेजारी भिंतीवर पाच वॅटचा वळवता येणारा लाईट लावला, कारण कोव्हच्या उजेडाला सावलीच नसते, खडा चटकन दिसत नाही, त्याला बाजूने उजेड लागतो. पंखाही भिंतीवरचाच. आधी छताला छोटा पंखा होता, त्याची पाती लाईटच्या खाली फिरायची आणि अख्खी खोली फडफडल्यासारखी वाटायची.

तोटेही आहेत. आधी दोन पॅनलचे 30 वॅट होते, आता 48, कारण छतावर आपटून येताना उजेड थोडा वाया जातोच. पट्टीमागे धूळ साठते, दर पंधरा दिवसांनी दादा स्टुलावर चढून ब्रश फिरवतो. सुतार, रंगारी, सामान सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले, पॅनल त्यामानाने खूपच स्वस्त होते. तरी मी पाचपैकी साडेचार देईन.

वरच्या पाच फुटांत भाचा अभ्यास करतो, तिथे गादीवर बसलं तरी छत डोक्याशी, म्हणून चार फुटी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांबट एलईडी लाईट, पुस्तकांच्या फळीमागे भिंतीकडे तोंड करून लावलाय आणि वहीवर क्लिपचा लॅम्प. ड्रायव्हर आम्ही त्याच फळीच्या टोकाला उघड्यावर ठेवलाय, कोव्हमध्ये कोंबला नाही. बिघडला तर तो बदलायला सुतार बोलवावा लागू नये.