गच्चीवरच्या सामायिक शेतीसाठी ४ × २ फुटी ग्रो बॅग : पाचापैकी तीन गुण

मुंबई-ठाण्यात सोसायटीच्या गच्चीवर रहिवाशांनी मिळून भाजी लावायची म्हटली की मातीच्या आधी कागद आडवे येतात. गच्ची सामायिक, म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. विटा-सिमेंटचे वाफे बांधले तर पालिकेच्या लेखी ते विनापरवाना बांधकाम ठरू शकतं. लोखंडी पाइपांचा कायमचा शेडनेट-मांडव उभारला तरी तीच गत. राहता राहते उचलून ठेवता येणारी ग्रो बॅग, म्हणजे माती भरून झाडं लावायची पिशवी. बर्लिनच्या मोरिट्झप्लाट्झला २००९ मध्ये सुरू झालेली प्रिन्झेसिनेनगार्टेन ही सामायिक बागही क्रेट आणि पोत्यांतच वाढली, कारण जागा कायमची नव्हती. तेव्हा बॅग जोखायची ती हलवता येते का, यावर.

बाजारात सर्रास मिळते ती ४ × २ × १ फुटी एचडीपीई (जाड प्लास्टिकच्या विणीची) बॅग. २०० जीएसएमची (चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) घेऊ नका. २६०च्या खाली कापड उन्हात लवकर विरतं. ‘यूव्ही स्टॅबिलाइझ्ड’ (उन्हात टिकेल असं बनवलेलं) असं छापलेलं नसेल तर दुसऱ्या उन्हाळ्यात बोटाने भुगा निघतो. पण बहुतेकदा कापडाच्या आधी शिवण जाते, म्हणून टाके दुहेरी आहेत ना आणि धागा नायलॉनचा आहे ना ते पाहा. लांब बाजू मधोमध फुगून बॅगेचं पिंप होतं. ओल्या मिश्रणाचा दाब झेलायला आत एक आडवी पट्टी शिवलेली असावी, ती बऱ्याच बॅगांत नसते.

वजनाचं गणित मात्र चुकवून चालत नाही. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात वापराचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरला आहे. ही बॅग ओल्या बागेच्या मातीने काठोकाठ भरली तर साडेतीनशे किलोच्या पुढे जाते आणि खालच्या पाऊण चौरस मीटरवर मर्यादेच्या तिप्पट भार येतो. सुका पालापाचोळा, रसवंतीची चिपाडं, कोकोपीट, कंपोस्ट आणि जेमतेम पाचवा हिस्सा माती असं मिश्रण आठ इंचांपर्यंतच भरलं तर भिजल्यावर १२० किलोच्या आसपास राहतं. दोन ओळींमध्ये बॅगेइतकीच रिकामी वाट सोडा, ओळी शक्यतो तुळयांच्या वर घ्या. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत आधी, बॅगांची ऑर्डर नंतर. मिश्रण दोन महिन्यांत तिसऱ्या हिश्श्याने खचतं. तेव्हा वर मातीचा थर नको, कंपोस्टच टाका.

निचऱ्याची भोकं तळाला असतात, हा बॅगेचा आणखी एक दोष. लादीवर थेट ठेवली की भोकं दाबली जातात, मुळं कुजतात आणि पाणी कोब्यात मुरत राहतं. दोन विटांवर ठेवली तर तळ मध्ये लोंबतो. प्लास्टिक पॅलेटवर चार इंच उंच ठेवा, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि उताराचं पाणी पन्हाळीपर्यंत पोचतं. खाली ट्रे अजिबात नको. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांची पैदास होते आणि कीटकनाशक विभागाची नोटीस थेट सोसायटीच्या नावावर येते. जिन्याचं दार, टाकी आणि लिफ्टच्या मशीनरूमकडे जाणारी वाट मोकळी ठेवा; फायर ऑडिटमध्ये पहिलं बोट तिथेच जातं.

सगळ्यात मोठं भांडण वरच्या मजल्यावरच्या गळतीचं. बॅगा चढवण्याआधी दोन इंच पाणी ४८ तास तुंबवून खालच्या छतांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. नाहीतर वीस वर्षांपूर्वीची ओलही बॅगेतल्या पालकाच्या भाजीच्या नावावर खपते!

पीक चांगलं येतं, यात वाद नाही. माठ, अंबाडी, पालक, मेथी आठ इंचांत खूश, वांगी-मिरचीलाही चालतं. उन्हाळ्यात एका बॅगेला रोज आठ-दहा लिटर पाणी लागतं. शेवगा, पपई लावू नका, वाऱ्यात बॅगेसकट कलंडतात.

मग दोन गुण कुठे गेले? वॉटरप्रूफिंगवाला गच्ची रिकामी करा म्हणतो त्या दिवशी. १२० किलोची बॅग चार जणांनाही हलत नाही आणि तिचे कापडी कान, म्हणजे धरायचे पट्टे, दुसऱ्या हिसक्याला हातात येतात. निम्मं मिश्रण पोत्यात उपसल्याशिवाय ती जागची ढळत नाही. त्यापेक्षा २ × १ × १ फुटी चार बॅगा घ्या : तेवढ्याच जागेत तेवढंच पीक, भिजलेली एक बॅग तीसेक किलोची, दोघांनी तळाला हात घालून उचलावी. त्या लवकर सुकतात, एप्रिल-मेमध्ये दोनदा पाणी घालावं लागतं. ४ × २ आधीच घेतली असेल तर गच्ची रिकामी करायच्या चार दिवस आधी पाणी तोडा, म्हणजे उपसायला तरी हलकी पडेल.