निवड झाल्याचे पत्र आले आणि मी पैसे भरत गेले

पदवीचा निकाल लागल्यानंतरच्या पाच महिन्यांत मी इंटरनेटवरून १६० हून अधिक ठिकाणी अर्ज केले होते. त्यांतल्या बहुतेकांचे उत्तरच आले नाही आणि जी काही उत्तरे आली ती एकाच साच्यातली नकाराची पत्रे होती. हे आधीच सांगते, कारण माझी हकिगत ऐकणारे बहुतेक जण पहिला प्रश्न 'तुला एवढेही कळले नाही का?' असाच विचारतात. पाच महिने कुणी साधी दखलही घेतलेली नसताना पहिल्या 'अभिनंदन' या शब्दावर शंका घेणे किती जिवावर येते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

ते पत्र सर्वांना नावाने ठाऊक असलेल्या एका मोठ्या कंपनीच्या भरती विभागाचे म्हणून आले. मी त्या कंपनीत अर्ज केला नव्हता. परंतु जॉब पोर्टलवर माझा रिझ्युमे कुणालाही दिसेल असा ठेवलेला होता आणि 'तुमची माहिती आम्ही तेथे पाहिली' हे वाक्य मला पूर्णपणे पटले. त्या रिझ्युमेवर मी जन्मतारीख, राहण्याचा संपूर्ण पत्ता, मोबाईल क्रमांक आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचे तपशीलवार वर्णन दिले होते. मुलाखतीत त्यांनी त्या प्रकल्पाविषयी इतके नेमके प्रश्न विचारले की, माझे काम कुणीतरी मनापासून वाचले आहे, या भावनेने मी भारावून गेले. वाचले होते हे खरेच, पण हेतू निराळा होता. रिझ्युमे सर्वांना दिसेल असा ठेवायचाच असेल, तर त्यावर नाव, शिक्षण, कौशल्ये आणि केवळ नोकरीसाठी उघडलेला ईमेल पत्ता एवढेच असावे. बाकीचे तपशील प्रत्यक्ष बोलणे झाल्यावर देता येतात.

मुलाखत चॅटवर झाली आणि सुमारे ५० मिनिटे चालली. व्हिडिओवर बोलता येईल का, असे मी विचारले तेव्हा 'सर्व उमेदवारांना समान संधी मिळावी म्हणून पहिली फेरी लेखी ठेवली आहे' असे उत्तर मिळाले आणि ते मला न्याय्य वाटले. दोन दिवसांनी कंपनीच्या चिन्हासह ऑफर लेटर आले. त्यासोबत कागदपत्रांची यादी होती : ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, पदवी प्रमाणपत्र, बँक खात्याचा तपशील, सहीचा नमुना आणि ओळखपत्र हातात धरून काढलेला माझा फोटो. तो फोटो पुसट आल्याचे सांगून त्यांनी तो मला दोनदा पुन्हा काढायला लावला.

त्या फोटोच्या वेळी माझ्या मनाची जी अवस्था होती, तीच या संपूर्ण प्रकाराची किल्ली आहे, असे मला आता वाटते. आपले ओळखपत्र नीट वाचता येत नाही, म्हणजे आपल्यावर संशय घेतला जाईल, या धास्तीने मी खिडकीजवळ उभी राहून पुन्हा पुन्हा फोटो काढत होते. मी खरी आहे, माझी पदवी खरी आहे, माझा पत्ता खरा आहे, हे सिद्ध करण्यात मी इतकी गुंतले होते की समोरच्याकडे त्याच्या खरेपणाचा पुरावा मागायचे मला सुचलेच नाही. नोकरी मागणारा खालच्या पायरीवर उभा असतो, ही आपली पक्की समजूत असते आणि भामट्यांना तिची पुरेपूर जाण असते.

त्यानंतर पैशांची मागणी सुरू झाली. पहिली रक्कम बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या नावाखाली होती आणि इतकी किरकोळ होती की तिच्यासाठी हातची नोकरी घालवणे वेडेपणाचे वाटले असते. दुसरी रक्कम कंपनी देणार असलेल्या लॅपटॉपच्या विम्याची अनामत म्हणून मागितली गेली. ती पहिलीच्या आठपट होती, पण पहिल्या पगारासोबत परत मिळणार असल्याचे पत्रात स्पष्ट लिहिले होते. तीही मी भरली, आणि ती भरण्यासाठी मोठ्या बहिणीकडून उसने घेतले. तिसऱ्यांदा प्रशिक्षणाचे शुल्क मागितले गेले तेव्हा मात्र माझ्याजवळ काहीच उरले नव्हते आणि तसे मी प्रांजळपणे कळवले. त्यावर उत्तर आले की काळजीचे कारण नाही, आमच्या एका ग्राहकाची रक्कम तुमच्या खात्यात जमा होईल, त्यातून शुल्काएवढी रक्कम वळती धरून उरलेली आम्ही सांगू त्या खात्यावर पाठवा.

येथे माझ्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या मोठ्या कंपनीला ग्राहकाचे पैसे माझ्या खात्यातून फिरवण्याची गरज का पडावी?

त्या रात्री मी जे तपासले ते पहिल्याच दिवशी तपासता आले असते. ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावातील इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे अगदी खेटून बसवलेली होती. मोबाईलच्या पडद्यावर ती 'एम'सारखीच दिसतात. हे डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यातील @ चिन्हानंतरचे नाव, मला पहिले पत्र येण्यापूर्वी अवघे १९ दिवस आधी नोंदवले गेले होते. नोंदणीची तारीख कुणालाही विनामूल्य पाहता येते. पूर्वी त्यासाठी 'हूइज' ही सेवा वापरत, आणि जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनांसाठी, इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेने तिच्या जागी 'आरडॅप' ही पद्धत अधिकृत केली आहे. भामट्यांच्या संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचे कुलूप पाहून मी निर्धास्त झाले होते. वास्तविक ते कुलूप एवढेच सांगते की आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण वाटेत कुणाला वाचता येणार नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की नाही, याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. लोक नेमका हाच गैरसमज करून घेतात म्हणून गूगलने २०२३ साली आपल्या क्रोम ब्राउझरमधले ते चिन्ह बदलले. मला आलेले पत्र स्पॅममध्ये का गेले नाही, याचेही उत्तर साधे आहे : पत्र ज्या डोमेनचे म्हणवते तेथूनच आले आहे का, हे ईमेलची यंत्रणा पाहते, आणि ते नकली डोमेन खरोखरच त्यांच्या मालकीचे होते.

शेवटी मी ऑफर लेटरच्या पीडीएफचे गुणधर्म, म्हणजे फाइलविषयीची नोंद, उघडली. शीर्षकाच्या रकान्यात माझे नाव नव्हते. तेथे दुसऱ्याच एका मुलीचे नाव होते आणि फाइल चार महिन्यांपूर्वी तयार केलेली होती.

सकाळी सर्वप्रथम मी बँकेला फोन केला. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक, म्हणून पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करण्यासाठी चॅटची छायाचित्रे गोळा करत बसण्याआधी हा फोन करावा. माझी दुसरी रक्कम तोवर पुढे निघून गेली होती. त्यानंतर मी खऱ्या कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तेथील क्रमांकावर विचारणा केली. त्या पदाची जाहिरातच नव्हती. नकली डोमेन ज्या नोंदणी करून देणाऱ्या कंपनीकडे नोंदवले होते तिच्या गैरवापर-तक्रार पत्त्यावरही मी सर्व पत्रे पाठवली.

नोकरीसाठी उमेदवाराने पैसे मोजायचे नसतात, ही केवळ शहाणपणाची गोष्ट नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ सालच्या १८१ क्रमांकाच्या कराराच्या सातव्या कलमात लिहिले आहे की, खासगी रोजगार संस्थांनी कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे, पूर्ण वा अंशतः, कोणतेही शुल्क घेऊ नये. काही मर्यादित अपवादांना तेथे वाव आहे आणि ज्या देशांनी करार स्वीकारला त्यांच्यावरच तो बंधनकारक आहे. तरीही 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. परत मिळणारी अनामत, विमा, प्रशिक्षण ही सगळी त्या अप्रत्यक्ष वसुलीचीच रूपे आहेत.

बँकेतील अधिकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मी ज्या व्यक्तीच्या खात्यावर पैसे भरले होते आणि जिला तोवर मनातल्या मनात शिव्याशाप देत होते, ती कदाचित माझ्यासारखीच नोकरी शोधणारी असेल. मला जो शेवटचा प्रस्ताव आला तो मी मान्य केला असता, तर पुढच्या उमेदवाराच्या तक्रारीत आरोपी म्हणून माझ्या खात्याचा क्रमांक लिहिला गेला असता आणि पोलीस प्रथम माझ्या दारात आले असते.

पैशांची भरपाई मी हळूहळू केली. ओळखपत्र हातात धरलेला तो फोटो मात्र परत मागता येत नाही. म्हणून मी ते ओळखपत्र रद्द करून नवे घेतले, बँकेला माझ्या खात्यावर फसवणूक झाल्याची नोंद ठेवायला सांगितली, आणि माझ्या नावावर कुणी कर्ज तर काढले नाही ना, हे दर तीन महिन्यांनी पतअहवाल मागवून पाहते. पुढचा अहवाल येत्या महिन्यात मागवायचा आहे.