आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेतल्या रेकॉर्ड्स डिजिटल करून घेतल्या, त्याचा अनुभव (आणि अण्णा चितळकरांबद्दल बरंच काही)

आधीच सांगते, ज्या काकांकडून हे काम करून घेतलं त्यांचं नाव, पत्ता, नंबर इथे टाकत नाहीये. काकांनीच सांगितलं की टाकू नका, आहे तेवढंच काम उरकत नाही. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात, दाराला पाटी नाही, वय सत्तरीच्या पुढे. जुन्या रेकॉर्ड्स जमवणाऱ्या कुणालाही विचारलंत तर दोन फोनमध्ये त्यांच्यापर्यंत पोचाल.

तर आमच्या घरी आजोबांची ट्रंक होती. आजोबा रेल्वेत, आणि काही वर्षं पुणतांब्याला होते. दौंड-मनमाड लाईनवर गोदावरीकाठचं पुणतांबं, चांगदेवांची समाधी आहे ते. आणि पुणतांबं म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांचं, म्हणजेच अण्णा चितळकरांचं जन्मगाव, 12 जानेवारी 1918 चा जन्म. त्यामुळे आजोबांच्या लेखी तो आपल्या गावचा माणूस, आणि पगारातून पैसे वाचवून ते फक्त त्याच्याच रेकॉर्ड घ्यायचे. लाखेच्या, मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या म्हणजे '78 वाल्या' एकूण 19 आणि नंतर बाबांनी घेतलेल्या अनारकली आणि नवरंगच्या दोन एलपी (नंतरच्या काळातल्या, हळू फिरणाऱ्या प्लास्टिकच्या रेकॉर्ड). चावीचा फोनो कधीच गेला, ट्रंक माळ्यावर, मी जन्मात त्यातली एकही रेकॉर्ड वाजताना ऐकली नव्हती.

बाबा आता 78 वर्षांचे आहेत, त्यांना ऐकायच्या होत्या म्हणून तीन वर्षांपूर्वी मी एका दुकानात सहा रेकॉर्ड्स दिल्या (नाव घेत नाही). चार दिवसात पेनड्राइव्ह मिळाला. आवाज इतका 'साफ' केलेला की खरखरीबरोबर गाणंही गेलं, लताबाई पाण्याखालून गातायत असं वाटायचं, आणि स्पीड जास्त लागल्यामुळे सगळंच अर्ध्या सुराने वर चढलेलं. शिवाय एका रेकॉर्डची कड उडालेली परत आली. बाबा एक गाणं ऐकून उठले आणि म्हणाले हे ते नाही. मला फार वाईट वाटलं होतं, कारण वस्तू आजोबांची आणि द्यायला गेले होते मी.

या वेळी त्यामुळे काकांकडे नुसती ठेवून आले नाही, बसून बघितलं. त्यांनी आधी एकही रेकॉर्ड वाजवली नाही. एकेक काढून खिडकीच्या उजेडात तिरकी धरायची, भिंगातून खाच बघायची, मग रबराची चकती दोन्ही बाजूंनी लेबलवर दाबून डिस्टिल्ड वॉटर आणि दोन थेंब साबण घालून मऊ ब्रशने गोल गोल धुवायची. मी विचारलं स्पिरिटने लवकर होणार नाही का, तर एकदम दचकले. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एलपीला चालणारं द्रावण 78 ला लावलं की रेकॉर्ड कामातून गेली. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, यूट्यूब बघून घरी कुणी प्रयोग करू नका.

मग सुई. हा भाग मला माहीतच नव्हता. 78 ची खाच रुंद असते, एलपीची सुई तिच्यात घातली की ती तळाशी घासत जाते आणि तिथला सत्तर वर्षांचा कचरा आपल्याला ऐकवते. काकांकडे 78 साठीच वेगवेगळ्या जाडीच्या पाच-सहा सुया आहेत. आजोबांच्या फोनोच्या स्टीलच्या पिनांनी खाचेची भिंत एका उंचीवर झिजलेली असते, म्हणून ते एक सुई लावून बघतात, मग जरा जाड, मग जरा बारीक, जी सुई भिंतीच्या न झिजलेल्या भागावर बसेल तिथे थांबतात. मी स्वतः ऐकलं, सुई बदलली आणि धुरकट काच पुसल्यासारखा आवाज पुढे आला, कॉम्प्युटरला अजून हातही लावला नव्हता. स्पीड ते नुसत्या आकड्यावर सोडत नाहीत, शेजारी पेटी ठेवलेली असते, गाण्यातल्या पेटी-पियानोचा सूर त्याच्याशी जुळतोय का बघतात आणि टर्नटेबल इकडेतिकडे करतात. आधीच्या दुकानात नेमकं हेच झालं नव्हतं. खरखर ते थोडीशी ठेवतात, फक्त मोठे टचके हाताने एकेक काढतात, कारण त्यांचं म्हणणं, खरखर पूर्ण काढायला गेलं की गायकाचा श्वास पण जातो.

श्वास ऐकू येणं म्हणजे काय ते मला 'शाम ढले खिडकी तले' ला कळलं. लेबलवर गायक म्हणून चितळकर आणि लता मंगेशकर, आणि संगीत सी. रामचंद्र. बाबांनी लहानपणी मला सांगितलं नसतं तर मलाही कळलं नसतं की ही दोन नावं एकाच माणसाची आहेत, आणि आजही मी कितीतरी जणांना हे सांगते तेव्हा त्यांना नवल वाटतं. रामचंद्र नरहर चितळकर. गाताना चितळकर, चाल लावताना सी. रामचंद्र, सुरुवातीच्या काही सिनेमांना राम चितळकर, काहींना अण्णासाहेब, आणि ओळखीचे लोक नुसतं अण्णा म्हणणार.

आणि माणूस आला कुठून बघा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय शिकला, सिनेमात आला तो हिरो व्हायला, ते जमलं नाही म्हणून सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवायला बसला. संगीतकार म्हणून पहिली कामं मिळाली ती चक्क तामिळमध्ये, जयक्कोडी आणि वनमोहिनी, आणि ती मिळाली भगवानदादांमुळे. नंतर 1942 ला त्यांच्याच सुखी जीवनचं संगीत. ही दोस्ती पुढे 1951 ला अलबेलापर्यंत गेली आणि अलबेलाची गाणी किती गाजली ते सगळ्यांना माहितीये.

आमच्या ट्रंकेत अलबेलाच्या तीन रेकॉर्ड निघाल्या. 'शोला जो भडके' काकांनी लावलं आणि पहिल्यांदा मला त्यातला बोंगो वेगळा ऐकू आला, मोबाईलवर हे गाणं हजार वेळा ऐकलंय पण तिथे तो मागच्या गलक्यात मिसळून जातो, इथे बोटं कातड्यावर पडतायत असा सुटा सुटा, आणि वर ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. हे वाजवणारे बरेचसे गोव्याचे. अण्णांचे साथीदार चिक चॉकलेट म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारा नावाजलेला ट्रम्पेटर, अलबेलात तर तो बँडसकट पडद्यावर पण दिसतो. शास्त्रीय शिकलेला नगर जिल्ह्यातला माणूस गोव्याच्या जॅझवाल्यांना शेजारी बसवून काम करतो आणि कुणीच कुणाला खाऊन टाकत नाही, हे त्या रेकॉर्डमध्ये सरळ ऐकू येतं. पुढे 1957 च्या आशामधलं 'ईना मीना डिका', त्यातले शब्द पण असेच घडले म्हणतात, अण्णांचे गोव्याचे असिस्टंट जॉन गोम्स यांनी त्यात कोकणी 'माका नाका' घातलं, म्हणजे आपलं 'मला नको'. अख्खा देश गेली साठ-सत्तर वर्षं कोकणी गातोय.

आणि त्याच अलबेलात 'धीरे से आजा री अखियन में'. ही रेकॉर्ड सगळ्यात जास्त झिजलेली होती, काका म्हणाले ही तुमच्याकडे रोज वाजत असणार. बाबांना घरी विचारलं तर म्हणाले हो, धाकट्या आत्याला झोपवायला आजी हीच लावायची. पिलू रागाच्या अंगाची अंगाई, वाद्यं जवळजवळ नाहीतच, आणि ज्या महिन्यात या माणसाने बोंगो वाजवून घेतला त्याच्या आसपासच ही चाल केली असणार. झीज भरून निघत नाही, दुसऱ्या अंतऱ्यात आवाज फाटतो, काकांनी ते आधीच सांगितलं आणि फाटलेला भाग तसाच ठेवला. मला ते पटलं.

1947 च्या शहनाईचं 'संडे के संडे', 1949 च्या पतंगाचं 'मेरे पिया गए रंगून' (यात शमशाद बेगम आणि चितळकर, टेलिफोनवरचं बोलणं म्हणून गाणं, त्या काळात किती नवीन वाटलं असेल), 1950 च्या समाधीचं 'गोरे गोरे', ही सगळी धमाल गाणी छान निघाली. पण मला थांबवलं ते 1955 च्या आझादमधल्या 'कितना हसीं है मौसम' ने. या सिनेमाचं संगीत फार थोड्या दिवसांत हवं होतं, नौशाद नाही म्हणाले आणि अण्णांनी घेतलं. हे गाणं तलत मेहमूद गाणार होते, ते येऊ शकले नाहीत म्हणून अण्णांनी स्वतः गायलं अशी गोष्ट सांगतात, आणि गाताना आवाज असा मऊ लावलाय की भल्याभल्यांना आजही ते तलतच वाटतात. काकांच्या स्पीकरवर लक्ष देऊन ऐकलं की एक-दोन ठिकाणी शब्दाच्या शेवटी चितळकर सापडतात. तो मोठा गायक नव्हता असं काही लोक म्हणतात. मला नाही पटत. आपल्या आवाजाला काय जमतं आणि काय नाही हे इतकं नेमकं ओळखून गाणारे थोडे असतात, आणि लताबाईंच्या शेजारी उभं राहून तो कुठे झाकोळत नाही.

एलपीचं काम चांगलं झालं, त्यात सांगण्यासारखं विशेष नाही, एलपीला मुळात त्रासच कमी असतो. अनारकलीचं 'ये जिंदगी उसी की है' भीमपलास रागातलं, नवरंगचं 'आधा है चंद्रमा' मालकंसातलं, विनायकबुवांची तालीम इथे दिसते. बाबांना मात्र एलपीपेक्षा 78 च आवडल्या.

'ऐ मेरे वतन के लोगों' आमच्या ट्रंकेत नाही. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी ते म्हटलं आणि तेव्हापासून संगीतकार म्हणून अण्णांचं नाव निघालं की लोकांना तेवढंच आठवतं, कित्येकांना तेही आठवत नाही, फक्त लताबाई आणि फार तर कवी प्रदीप. मला याचा खरंच त्रास होतो. या माणसाने पुढे मराठीत धनंजय आणि घरकुल केले, दोन्हीत स्वतः कामही केलं, म्हणजे सुरुवातीला जे हुकलं होतं ते शेवटी केलंच. 'मलमली तारुण्य माझे' आणि 'पप्पा सांगा कुणाचे' ही घरकुलमधली, 1970 चा सिनेमा, आपल्याकडे दोन पिढ्या ही गाणी म्हणत वाढल्या. गदिमांचं गीतगोपाल पण त्यांनी बसवलं आणि स्वतः गायले. 5 जानेवारी 1982 ला गेले. गेल्या महिन्यात पुतणीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये यांचीच तीन गाणी झाली आणि निवेदनात एकदाही नाव घेतलं नाही.

आता पैशाचं आणि तक्रारींचं. 78 ला दोन्ही बाजूंचे मिळून 200 रुपये, एलपीला 500. आमचे एकूण 4600 झाले कारण एका रेकॉर्डला आरपार तडा होता, ती काकांनी वाजवून दिली पण पैसे घेतले नाहीत, गाण्याच्या प्रत्येक फेऱ्याला टक् वाजतं ते काढता आलं नाही म्हणून. फक्त रोख चालतात, पावती मिळत नाही. तीन आठवडे सांगितले होते, सात लागले, आणि मध्ये फोन केला तर उचलत नाहीत, हे मला आवडलं नाही, निदान उशीर होतोय एवढा निरोप द्यायला हवा होता. बाबांचं वय बघता मला दर आठवड्याला घालमेल व्हायची. फाईल्स दोन प्रकारच्या देतात, एक मोठी, काहीही न काढलेली, जपून ठेवायला, आणि एक ऐकण्याची. मोठी मागून घ्याच, उद्या कुणाकडे अजून चांगलं तंत्र आलं तर त्यावर परत काम करता येईल. प्रत्येक फाईलला गाणं, सिनेमा, साल, गायक, आणि लेबलचा फोटो लावलेला होता, हे मी मागितलं नव्हतं.

पेनड्राइव्ह घेऊन आले त्या रात्री बाबांनी पहिली अंगाईच लावायला सांगितली. दुसऱ्या अंतऱ्यात आवाज फाटला तिथे म्हणाले, हां, इथे आई उठून पिन बदलायची. मग आत्याला फोन लावून तिला ऐकवली, ती आता 71 वर्षांची आहे, नागपूरला असते, स्पीकरवर तीन मिनिटं कुणीच काही बोललं नाही.

कुणी जाणार असाल तर रेकॉर्ड्स खोक्यात उभ्या ठेवून न्या, एकावर एक आडव्या रचू नका, मधे वर्तमानपत्र नको, साधे कोरे कागद घाला आणि गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. मंगळवारी काका काम घेत नाहीत. जिना अरुंद आहे, खोकं जड होतं, सोबत कुणाला तरी न्या.