स्मृतिभ्रंश झालेल्या सासऱ्यांसाठी घरपोच परिचर्या सेवा : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझे सासरे, आमचे आबा, वय ८१, कोल्हापूरच्या शाहू मिल या कापडगिरणीतून निवृत्त झालेले कामगार आहेत. अल्झायमरचे निदान होऊन तीन वर्षे होत आली. त्यांच्या विसरण्याशी आम्ही जुळवून घेतले होते. परंतु एकाएकी उसळणारा संताप, ताट भिरकावणे, अंगावर धावून येणे याने घर खचले, तेव्हा गेल्या श्रावणात कोल्हापुरातल्याच एका खासगी संस्थेकडून दिवसाच्या बारा तासांसाठी माणूस घेतला.

पहिला मुद्दा पैशांचा आहे. संस्थेच्या पत्रकात ‘प्रशिक्षित नर्स’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात आलेल्या मावशींनी संस्थेतच काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेले होते. दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग असा परिचर्येचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे जिची नोंदणी झाली आहे ती परिचारिका. बाकी सगळे मदतनीस. आबांना इंजेक्शन, नळी, जखम यांपैकी काही नसल्यामुळे आम्हाला मदतनीस पुरेसा होता, मात्र त्यासाठी परिचारिकेचा दर देण्याचे कारण नव्हते. नोंदणीचा क्रमांक मागितल्यावर महिन्याचे २४ हजार रुपये १८ हजारांवर आले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पहिल्या दोन महिन्यांत संस्थेने पाच माणसे बदलली. ज्याला स्वतःच्या सुनेचे नाव आठवत नाही, त्याच्या न्हाणीघरात दर पंधरवड्याला नवे परके माणूस उभे राहिले तर तो हात उगारणारच. संस्थेच्या लेखी मात्र दर वेळी दोष ‘पेशंट अॅग्रेसिव्ह आहे’ एवढाच होता.

सहावे आले ते करवीर तालुक्यातल्या एका गावचे चाळिशीतले गृहस्थ. आम्ही त्यांना दादा म्हणतो. त्यांनी आठवडाभर आबांना आंघोळच घातली नाही, नुसते अंग पुसले, आणि त्याबद्दल मी त्यांच्यावर चिडलेही. नंतर कळले की डोक्यावरून अचानक पडणारे पाणी हीच आबांची भीती होती. आता खांद्यांवर पंचा ठेवून आधी पायांवर पाणी घातले जाते, तांब्या उचलण्याआधी ‘आबा, पाणी घालतो हं’ असे सांगितले जाते, आणि डोके सर्वांत शेवटी.

सर्वांत अवघड वेळ संध्याकाळची. दिवस कलू लागला की अशा रुग्णांची अस्वस्थता वाढते. आमच्याकडे चार वाजले की आबांना मिलमधल्या कामाच्या पाळीची आठवण होते आणि ते डबा मागत दाराशी जातात. मिल केव्हाच बंद पडली, असे आम्ही समजावून सांगत असू. त्यांच्यासाठी ती दर वेळी नवी बातमी असे, आणि रोज नव्याने नोकरी गेलेल्या माणसासारखे ते पेटून उठत. (शाहू मिलची स्थापना झाली ते १९०६ साल आणि आलोइस अल्झायमर यांनी या आजाराच्या पहिल्या रुग्णाची माहिती डॉक्टरांपुढे मांडली ते साल एकच, हे मला अलीकडेच कळले.) ‘मिल चालू आहे’ असे खोटे बोलणे माझ्या यजमानांना मान्य नव्हते. दादा तसे काही बोललेच नाहीत. त्यांनी विचारले, ‘‘आबा, तुमी सूत कातायला हुता का मागावर?’’ आबा ओसरीवर बसले आणि अर्धा तास मागाविषयी बोलत राहिले. त्यानंतर दोघे कोपऱ्यापर्यंत चालून आले, चहा झाला, आणि पाळीचा विषय निघाला नाही. हे रोज साधते असे नाही. आठवड्यातले दोन दिवस अजूनही वाईट जातात.

दादांच्या आग्रहावरून आम्ही एक वही ठेवली. संताप किती वाजता आला, त्याआधी काय घडले होते आणि कशाने शमला, एवढेच तिच्यात लिहायचे. ऑक्टोबरच्या उकाड्यात आबा चार दिवस दिवसरात्र आरडाओरडा करू लागले, तेव्हा संस्थेच्या समन्वयकांनी फोनवर झोपेचे औषध सुरू करण्याचा सल्ला दिला. वहीत मात्र लघवीच्या फेऱ्या वाढल्याचे आणि पाणी कमी प्यायल्याचे दिसत होते. आमच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला आणि प्रतिजैविकांनी आठवडाभरात आबा पूर्वपदावर आले. वृद्धांमध्ये असा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा सांगता न येणारी दुखणी गोंधळ आणि संताप वाढवतात, हे संस्थेला ठाऊक असायला हवे होते. संताप दाबण्यासाठी मनोविकारांवरची (अँटिसायकोटिक) जी औषधे सर्रास सुचवली जातात, त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे. डॉक्टरांनी देखरेखीखाली दिली तर गोष्ट निराळी, पण झोपेचे असो वा हे, कोणतेच औषध फोनवरच्या समन्वयकाने सुचवू नये.

सेवा पुढे चालू ठेवली आहे, ती दादांमुळे. करार वाढवताना ‘माणूस बदलायचा झाल्यास पंधरा दिवस आधी कळवावे आणि नव्या माणसाने तीन दिवस जुन्याबरोबर काम करावे’ अशी अट आम्ही लेखी घातली, आणि सेवा घेणाऱ्या प्रत्येकाने ती पहिल्याच दिवशी घालावी. रविवारी दादांची सुट्टी असते. त्या दिवशी संस्था बदली माणूस देऊ करते, तो आम्ही घेत नाही. चार वाजता यजमानच ओसरीवर बसून वडिलांना मागाविषयी विचारतात. त्या रविवारांचे पैसे संस्था अजून वजा करत नाही, त्याबद्दल बोलणे चालू आहे.