टीझेडडेटा: पत्रिकेच्या सॉफ्टवेअरसाठी चार वर्षं वापरल्यावर

पुण्यातल्या एका पंचांगकर्त्यांसाठी मी पत्रिकेचं सॉफ्टवेअर लिहिते. पत्रिकेला जन्मतारीख, जन्मवेळ आणि जन्मस्थळ लागतं, पण ग्रहांचं गणित यूटीसीत, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत होतं. घरच्यांनी वहीत लिहून ठेवलेली वेळ यूटीसीत न्यायची तर त्या दिवशी त्या गावाचं घड्याळ किती पुढे होतं हे ठाऊक हवं. ही माहिती मी टीझेडडेटातून, म्हणजे कुठल्या भागाचं घड्याळ कधी किती पुढे-मागे होतं याच्या संग्रहातून घेते. फोन असो, सर्व्हर असो, बहुतेक सगळीकडे हाच डेटा आत बसलेला असतो.

हा डेटा फुकट आहे आणि कुणाच्याही मालकीचा नाही. १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, आज पॉल एगर्ट सांभाळतात, आणि २०११पासून आयाना या इंटरनेटची नावं-क्रमांक सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली तो प्रसिद्ध होतो. अख्खं पॅकेज दाबून अर्ध्या एमबीच्या आत बसतं. आत एशिया, युरोप, आफ्रिका अशा नावांच्या साध्या टेक्स्ट फायली आहेत. झिक नावाचा कंपायलर त्यांच्या बायनरी, म्हणजे मशीनने वाचायच्या, फायली बनवतो आणि प्रोग्रॅम त्या वाचतात.

मी बायनरीवरच भागवत होते. टेक्स्ट फाइल पहिल्यांदा उघडली ती आत्यामुळे.

माझ्या मोठ्या आत्याचा जन्म साताऱ्याचा, १० जानेवारी १९४४. आजोबांच्या वहीत लिहिलंय, 'सकाळी ८ वाजून १० मिनिटे, सूर्योदयी'. आणि हाताने मांडलेल्या पत्रिकेत धनु लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास धनु. माझ्या पहिल्या आवृत्तीत भारतासाठी सरसकट साडेपाच तास धरले होते, त्यामुळे लग्न मकर येत होतं. जानेवारीत साताऱ्याला सूर्य सातच्या जरा पुढे उगवतो, मग आठ दहाला सूर्योदय कसा? आजोबांनी वेळ चुकीची लिहिली असेल असं घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं.

एशिया फायलीत कोलकात्याच्या झोनखाली (झोन म्हणजे एकसारखं घड्याळ चालणारा भाग) जेमतेम आठ ओळी आहेत. पहिल्या ओळीत ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद, म्हणजे कलकत्त्याची स्थानिक वेळ, २८ जून १८५४पर्यंत. पुढे मद्रासची ५:२१:१० आणि १९०६पासून आपले साडेपाच तास. आणि शेवटाकडे सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ साडेसहा तास. युद्धकाळात देशभरची घड्याळं तासभर पुढे केली होती, ती ही ओळ. आजोबांनी भिंतीवरचं घड्याळ बघून लिहिलं होतं ८:१०, आपल्या आजच्या हिशेबाने ७:१०. सरसकट साडेपाच तास काढून झोनची फाइल जोडली आणि लग्न धनूवर आलं, सूर्याच्या अगदी जवळ, सूर्योदयाला असायला हवं तसंच. आत्याला फोन करून सांगितलं तेव्हा ती आपल्या वडिलांबद्दल एवढंच म्हणाली, 'दादांचं लिहिणं कधी चुकायचं नाही गं.'

या डेटातलं मला सगळ्यात आवडतं ते त्याच्या टिपा. कुठला बदल कुणी कळवला, कुठल्या पुस्तकात किंवा बातमीत सापडला, कुठे दोन पुरावे जुळत नाहीत, हे सगळं ओळींच्या वर लिहिलेलं असतं. आकडा पटला नाही तर तो कुठून आला ते शोधता येतं. पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही हे मला क्वचित मिळालंय.

आता उणीव, आणि ती मुंबईकरांना नेमकी भोवणारी आहे. १९७०नंतर ज्या भागांची घड्याळं एकसारखी चालली त्यांना एकच झोन, हे या डेटाचं धोरण आहे. त्यामुळे सगळ्या भारताला एकच एशिया/कोलकाता. मुंबईत मात्र ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची 'मुंबई टाइम' १९५५पर्यंत वापरात होती, स्टँडर्ड टाइमच्या ३९ मिनिटं मागे. झोनमध्ये तिचा मागमूस नाही. गिरगावात १९४८ साली जन्मलेल्या एका आजोबांची पत्रिका आमच्याकडे आली, तेव्हा नुसत्या फायलीवर विसंबले असते तर ३९ मिनिटांचा प्रश्न कुणाला पडलाच नसता. ३९ मिनिटांत लग्न साधारण दहा अंश सरकतं. आता जन्म मुंबईचा आणि १९५५च्या आधीचा असला की आमचा प्रोग्रॅम दोन्ही वेळांच्या पत्रिका शेजारी शेजारी दाखवतो आणि घड्याळ कुठलं होतं ते घरच्यांना विचारतो. डेटाचं धोरण लपवलेलं नाही, ते स्वच्छ लिहून ठेवलंय. तरी आपल्याकडच्या जुन्या नोंदींवर काम करणाऱ्याने हे गृहीत धरूनच सुरुवात करावी.

नावाचाही एक घोळ आहे. जुनं एशिया/कॅलकटा अजून लिंक म्हणून, म्हणजे त्याच झोनचं दुसरं नाव म्हणून चालतं आणि काही ब्राउझर तेच पाठवतात. आमच्या टेबलात एकाच देशाचे दोन झोन दिसायला लागले, म्हणून साठवतानाच एका नावावर आणते.

पायथन वापरणाऱ्यांनो, एक गोष्ट नक्की तपासा. तुमच्या वेळेपुढे +५:५३ दिसलं तर झोन चुकीच्या पद्धतीने जोडला गेलाय. एका जुन्या लायब्ररीचा झोन थेट तारखेला चिकटवला की ती फायलीतली पहिलीच ओळ उचलते, म्हणजे १८५४च्या आधीचं कलकत्ता. सकाळी दहाचा जन्म मग ९:३७चा होतो. मी हा घोळ तीनदा तरी दुसऱ्यांच्या कोडमध्ये पाहिलाय. पायथन ३.९पासून आलेलं झोनइन्फो वापरा, हा प्रश्नच राहत नाही. विंडोजवर मात्र टीझेडडेटाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

अमेरिकेत जन्मलेल्या नातवंडांच्या पत्रिकाही खूप येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यू जर्सीत घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणून पहाटे दीड दोनदा वाजतो. डेटा दोन्ही दीड बरोबर सांगतो, पण बाळ कुठल्या दीडला झालं हे आईलाच विचारावं लागतं. आम्ही त्या तासासाठी वेगळा रकाना ठेवलाय.

राहिलं अपडेट. वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती निघते, साल आणि पुढे अक्षर. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२मध्ये उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं, बहुतांश भागात बंद केली. आमच्या सर्व्हरची इमेज, म्हणजे त्यावरच्या सिस्टीमची साठवलेली प्रत, त्याआधीची होती, आणि ग्वाडालाहारात मे २०२३मध्ये जन्मलेल्या बाळाची पत्रिका तासाने चुकली. चूक माझी होती, त्यांना नवी पत्रिका करून दिली. मार्च २०२३मध्ये लेबनॉनने तर उन्हाळी वेळ ऐन दोन-तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली आणि लगेच निर्णय फिरवला. तेव्हा २०२३ बी निघून आठवडाही झाला नाही तोच २०२३ सी काढावी लागली. एवढ्या घाईतही ही मंडळी वेळेवर काम करतात, पण त्यांचं काम आपल्या मशीनवर आपणच आणायचं असतं. आता दर सोमवारी आमची स्क्रिप्ट आवृत्ती तपासते, आणि ती बदलली की आत्याची पत्रिका पुन्हा मांडून धनु लग्न येतंय ना ते बघते.